२० फुटी गराज, १७ फुटी बोट: कमी पडणारे इंच कुठून काढायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिनियापोलिसच्या उपनगरात नवीन घर घेतलंय. गराज दोन गाड्यांचं, १६ फूट रुंदीचं एकच दार, दाराची उंची ७ फूट, कागदावर खोली २० फूट. बोट ॲल्युमिनियमची, मासेमारीची, १७ फुटी. मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन, ट्रेलर एका ॲक्सलचा, म्हणजे चाकांच्या एकाच जोडीचा. सोसायटीच्या, म्हणजे एचओएच्या नियमांत ड्राइव्हवेवर बोट ठेवता येत नाही. बोट तिरकी लावली तर बसेल का, आणि शेजारी एक गाडी राहील का?

बसेल, आणि गाडीही राहील. पण तिरकी लावणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी ट्रेलरचा दांडा (गाडीला जोडला जाणारा पुढचा भाग), मग इंजिन, आणि त्यानंतरही काही इंच कमी पडलेच तर कोन. बोटी आणि ट्रेलर दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय आहे. दर सप्टेंबर-ऑक्टोबरात हा प्रश्न येतो आणि बहुतेकांनी हा क्रम उलटा लावलेला असतो. कोणी थेट मागची भिंत फोडायची गोष्ट करतो, कोणी मोठ्या दाराची किंमत काढून येतो. दोन्हींची गरज फार क्वचित पडते.

सुरुवात मापापासून करा, आणि माहितीपत्रकातलं माप बाजूला ठेवा. '१७ फुटी' म्हणजे फक्त बोटीचं अंग. नाळेच्या, म्हणजे बोटीच्या निमुळत्या टोकाच्या पुढे ट्रेलरचा दांडा साधारण अडीच फूट जातो. इंजिन वर उचललेलं असेल तर ते ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या सपाट फळीच्याही मागे अडीच फूट येतं. झाले २२ फूट. गराजचं उलट असतं. २० फूट हे बाहेरून बाहेरचं माप. त्यातून भिंतींची जाडी आणि बंद दाराची जाडी वजा करा, दाराच्या आतल्या अंगाला आडव्या लोखंडी पट्ट्या असतात त्याही वजा करा, की हातात १९ फूट ४ इंच उरतात. या उदाहरणात ३२ इंच कमी पडतायत. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण हिशोब असाच होईल.

माप घेताना ट्रेलर सपाट जागी उभा करा. कपलरच्या (दांड्याचा गाडीला अडकणारा तोंडाचा भाग) टोकापासून आणि इंजिनाच्या सर्वांत मागच्या बिंदूपासून ओळंबा सोडा, जमिनीवर खडूने खुणा करा आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. टेप बोटीवरून ताणून मोजलं की दोन-तीन इंच सहज चुकतात, आणि या कामात दोन-तीन इंच म्हणजेच सगळं काम. गराजमध्ये दार बंद करून मोजा. मागच्या भिंतीला कपाट, वर्कबेंच किंवा घरात जायची पायरी असेल तर तिथपासून मोजा.

आता दांडा. सगळ्यांत जास्त जागा इथेच मिळते. दांड्याला बसवायची बिजागरी तयार मिळते, नवीन ट्रेलरवर ती बरेचदा कारखान्यातूनच येते. एक पिन काढली की दांड्याचं पुढचं टोक कपलरसकट बाजूला दुमडतं. यातून २० ते २४ इंच वाचतात. आपल्या हिशोबात २२ धरू. जुन्या ट्रेलरवर बोल्टने बसवायचा संच काहीशे डॉलरांत येतो, पण त्यासाठी दांडा कापावा लागतो, त्यामुळे काही गोष्टी आधी पाहूनच हात घाला.

दांडा चौकोनी पोलादी नळीचा हवा, आणि संच त्याच मापाचा. ३ बाय ३, ३ बाय ४ आणि ३ बाय ५ इंच ही नेहमीची मापं आहेत. उघड्या चॅनेलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्यावर हा संच लावू नका. संचावर लिहिलेली क्षमता बोट, इंजिन, पेट्रोल, सामान आणि ट्रेलर यांच्या एकूण वजनापेक्षा जास्त असली पाहिजे. दुमडताना कपलर नाळेला किंवा विंचच्या (बोट ट्रेलरवर ओढून घ्यायचा रहाट) खांबाला लागणार नाही एवढ्या पुढे बिजागरी यायला हवी. आणि जे बहुतेक जण विसरतात ते म्हणजे जॅक, ट्रेलरचं नाक उचलून धरणारा चाकाचा पाय. जॅक बिजागरीच्या मागे, ट्रेलरच्या बाजूला असला पाहिजे. तो पुढच्या तुकड्यावर असेल तर दांडा दुमडताच ट्रेलरचं नाक जमिनीवर आपटतं. सेफ्टी चेनही मी बिजागरीच्या मागे मुख्य दांड्यालाच बांधतो, म्हणजे बिजागरी निसटली तरी ट्रेलर गाडीला धरून राहतो. दिव्यांच्या वायरीला तिथे वळसा सोडा. ट्रेलरला हायड्रॉलिक ब्रेक असतील तर त्या जागी पोलादी नळीऐवजी लवचीक होज घालावा लागतो. ते काम माहीतगाराकडूनच करून घ्या.

दुसरी जागा इंजिनात. रस्त्यावर नेताना ते वर उचललेलं असतं, म्हणून मागे लांब जातं. गराजमध्ये पूर्ण खाली, उभं केलं की ८ ते १२ इंच परत मिळतात. १० धरू. थंडीसाठीही हेच योग्य, कारण आउटबोर्ड उभं असलं की त्यातलं पाणी आपोआप निथळून जातं. आडवं ठेवलेल्या इंजिनात पाणी साचून गोठलं तर कवच तडकतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, त्यापुढे ॲल्युमिनियमचं काही चालत नाही. इंजिन खाली घेताना पंख्याखालचं पातं फरशीला टेकत नाही ना, हे वाकून पाहा. टेकत असेल तर जॅकने ट्रेलरचं नाक थोडं खाली घ्या, मागची बाजू वर येते. इंजिन खाली घ्यायची मोटर बॅटरीवर चालते, म्हणून बॅटरी त्यानंतर काढा.

एवढ्यात ३२ इंच झाले. बोट आता बरोबर १९ फूट ४ इंच, आणि जागाही तेवढीच. म्हणजे अजून बसत नाही, कारण दोन्ही टोकांना मिळून निदान ३-४ इंच मोकळे हवेत. आता कोनाकडे वळू.

तिरकी लावली की लांबी कमी होते हे अर्धसत्य आहे. अरुंद खोलीत लोखंडी कॉट तिरकी करून पाहिली असेल तर आठवेल, मधली लांबी कमी व्हायच्या आधीच कॉटचे कोपरे भिंतीला भिडतात. आपली बोट ७ फूट रुंद आणि दोन्ही टोकांना चौकोनी असती, तर १५ अंशांत फिरवल्यावर तिला उलट १४ इंच जास्त खोली लागली असती. म्हणूनच पाँटून बोट (पोकळ नळ्यांवर सपाट मंच असलेली) तिरकी लावून काही मिळत नाही, ती खरोखरच चौकोनी असते. मासेमारीची बोट मात्र पुढे निमुळती असते, आणि मागे इंजिन मध्यावर बाहेर आलेलं असतं. तिची दोन्ही टोकं मधल्या रेषेवर असल्यामुळे कोनाचा फायदा होतो. ट्रान्समचा कोपरा इंजिनाच्या आधी भिंतीला लागत नाही, तोपर्यंतच. वरच्या मापांत १५ अंशांना ८ इंच वाचतात आणि २० अंशांना १४. त्याची किंमत रुंदीत मोजावी लागते. सरळ उभी बोट ७ फूट घेते, १५ अंशांत साधारण साडेनऊ फूट. आत साडेएकोणीस फुटांच्या जवळपास रुंदी असेल तर गाडीला साधारण दहा फूट उरतात. मध्यम गाडी आरशांसकट साधारण ७ फूट धरा, म्हणजे दार उघडून उतरण्यापुरती जागा राहते. २० अंशांवर ती जागा आवळत जाते. तुम्हाला १५ पुरे आहेत.

दांडा कोणत्या बाजूला दुमडायचा हे बिजागरी बसवतानाच ठरवा. नाळ ज्या बाजूला वळवणार त्याच बाजूला तो दुमडला पाहिजे. उलट बाजूला दुमडला तर त्याची जाडी पुढे येते आणि कमावलेल्या ८ इंचांतले काही इंच जातात. फरशीवर मास्किंग टेपने बोटीचा पूर्ण आराखडा चिकटवा, शेजारी गाडी उभी करा, तिची दारं उघडून पाहा. दांडा कापण्याआधी ही एक संध्याकाळ द्याच.

उंचीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बोटीला ओरखडे उंचीमुळेच जास्त पडतात. ७ फुटी दार उघडल्यावर खालची कड जरा लोंबते, मोकळी उंची एक-दोन इंच कमीच भरते. तेवढ्यावरही थांबू नका. तुमचा ड्राइव्हवे रस्त्याकडून गराजकडे चढत असेल, तर रिव्हर्स घेताना एक क्षण असा येतो की ट्रेलरची चाकं सपाट फरशीवर आणि ओढणारी गाडी अजून उतारावर. त्या वेळी हिच (गाडीचा ट्रेलर अडकवायचा हूक) खाली असतो, म्हणून बोटीची मागची बाजू वर उठते. हिच ८ इंच खाली गेला तर ट्रान्समजवळ ३ इंचांची वाढ धरा. सपाट जागी २ इंचांनी सुटलेलं इंजिनाचं झाकण इथे दाराच्या चौकटीला घासतं. ट्रेलर उंबऱ्यापाशी नेऊन शिडीवरून एकाने पाहायचं आणि दुसऱ्याने गाडी इंच-इंच मागे घ्यायची. काच, दिव्याचा खांब, अँटेना, ट्रेलरचे उभे मार्गदर्शक खांब, जे निघतं ते आधीच काढून ठेवा. ट्रेलरच्या टायरमधली हवा कमी करून एखादा इंच मिळतो, पण त्या टायरवर बोट लांब हलवू नका आणि आत जाताच हवा भरा.

आत नेण्याची रीत अशी. शेजारची गाडी बाहेर काढा. बोट रिव्हर्समध्ये सरळ आत न्या, इंजिन मागच्या भिंतीपासून हातभर लांब असताना थांबा, चाकांना पाचर लावा. मगच कपलर सोडा. इंजिन खाली घ्या, दांडा दुमडा, आणि जॅकच्या चाकावर किंवा ट्रेलर डॉलीवर (ट्रेलर हाताने हलवायची चाकांची ढकलगाडी) नाक फिरवत बोट कोनात आणा. अशा बोटीचं ट्रेलरसकट वजन २,००० ते २,५०० पौंड असतं, पण दांड्यावर येणारा भार त्याच्या ५ ते १० टक्केच. सपाट, झाडून घेतलेल्या फरशीवर दोन माणसं हे सहज करतात. एका ॲक्सलचा ट्रेलर जागच्या जागी वळतो. दोन ॲक्सलचा असता तर टायर फरशीवर फरफटले असते. उतारावर मात्र हाताने ढकलायचा विचारही करू नका. साध्या डॉलीला ब्रेक नसतो, आणि टनभर बोट सुटली की तिला कोणी धरू शकत नाही. गाडीच्या पुढच्या बाजूलाही हिच बसवून घेता येतो. बोट समोर दिसत असताना ती नाकाने आत ढकलता येते आणि मान वळवून करायची सगळी कसरत संपते. अरुंद गराजवाल्याने त्यावर पैसे घालावेत असं माझं ठाम मत आहे.

पहिल्यांदा बोट नेमकी बसली की ट्रेलरची चाकं जिथे उभी आहेत तिथे, टायरच्या मागे, २ बाय ४ चं लाकूड फरशीला बोल्टने पक्कं करा. पुढच्या वेळी चाक त्याला टेकलं की थांबायचं, कोणी मागे उभं राहून ओरडायची गरज उरत नाही.

दार बंद होत नसेल तर आधी फरशीजवळ पाहा. दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून ६ इंचांच्या आत, समोरासमोर दोन सेन्सर असतात. १९९३ पासून अमेरिकेत घरगुती स्वयंचलित दारांना ही सुरक्षा सक्तीची आहे. जॅकचं चाक त्या अदृश्य रेषेत आलं की दार खाली येतं आणि परत वर जातं. सेन्सर वर सरकवू नका, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्यांच्यामुळेच वाचतात. चाक चार इंच आत घ्या.

बोट ट्रेलरवरच पुढे सरकवता येईल का, असंही कोणी सुचवेल. विंचचा खांब पुढे घेऊन ते करता येतं, पण दांड्यावरचा भार बदलतो, म्हणून नंतर तो वजनकाट्यावर तपासा. बोट मागे मात्र कधीही सरकवू नका. ट्रान्सम ट्रेलरच्या, बोट जिच्यावर टेकते त्या गादीपट्ट्यांच्या बाहेर लोंबला की इंजिनाच्या वजनाने तळ कायमचा वाकतो.

भिंत फोडण्याबद्दल. घराला लागून असलेल्या भिंतीला गराजच्या बाजूने निदान अर्धा इंच जिप्समचा थर लागतो, वर झोपायची खोली असेल तर छताला त्याहून जाड, आग रोखणारा. आग लागली तर घरातल्यांना बाहेर पडायला वेळ मिळावा म्हणून तो आहे. इंजिनासाठी त्यात खोबण करू नका. बाहेरच्या भिंतीत दोन उभ्या लाकडांमध्ये साडेचौदा इंच रुंद आणि चार इंच खोल जागा निघते खरी, पण चार इंच कोनातूनही मिळतात, तेही भिंतीला हात न लावता.

आता सगळ्यांत गंभीर भाग. घराला चिकटलेल्या गराजमध्ये पेट्रोलची टाकी ठेवताय हे विसरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती फरशीलगत पसरते. गॅसचा वॉटर हीटर किंवा भट्टी तिथेच असेल तर तिची ज्योत फरशीपासून १८ इंच उंच असावी हा नियम याचसाठी आहे. जुन्या घरांत तो पाळलेला असेलच असं नाही, स्वतः टेप लावून पाहा. हातात उचलायच्या टाक्या बाहेरच्या शेडमध्ये ठेवा. बोटीतच बसवलेली टाकी असेल तर स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून जवळपास भरा, थोडी जागा फुगण्यासाठी सोडा, आणि नळ्या व जोड हुंगून पाहा. वास येत असेल तर बोट आत नेऊ नका. बॅटरी काढून, आपोआप थांबणाऱ्या चार्जरवर, मोकळ्या हवेत ठेवा. आणि इंजिन गराजमध्ये सुरू करू नका, दार सताड उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि वर लोक झोपलेले असतात. हिवाळ्याआधीचं शेवटचं इंजिन चालवणं ड्राइव्हवेवरच उरका.

गिअरचं तेलही बोट आत नेण्याआधी बदला. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. मिनेसोटाच्या जानेवारीत ते गोठून इंजिनाचं खालचं कवच फोडेल, तेव्हा सील आत्ताच बदलून घ्या. चाकांच्या बेअरिंगमध्ये ताजं ग्रीस भरा. तळाचं बूच काढून ठेवा. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना ते काढलेलंच असावं लागतं, तळ्यातले झेब्रा शिंपले दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत म्हणून. बूच किल्लीलाच बांधा, वसंतात बोट पाण्यात सोडताना ते लावायचं राहणार नाही. ट्रेलरचं नाक किंचित उंच ठेवा, उरलंसुरलं पाणी मागे निथळेल. पातं तेवढं फरशीपासून सुटं आहे ना हे परत पाहा.

कुठे थांबायचं तेही सांगतो. दांडा, इंजिन आणि १५ अंश मिळून तुम्हाला जास्तीत जास्त सव्वातीन फुटांची तूट भरून काढता येते. मापात तूट त्याहून जास्त आली, किंवा बोट मोठ्या काचेची अन् टॉवरची, म्हणजे वर उंच चौकट असलेली निघाली आणि उंचीत अडली, तर हट्ट करू नका. भाड्याची जागा ऑगस्टमध्येच पाहून ठेवा, ऑक्टोबरात छताखालच्या चांगल्या जागा भरलेल्या असतात. बोट अजून घ्यायचीच असेल तर विक्रेत्याकडे 'ट्रेलरवरची लांबी, दांडा दुमडून, इंजिन खाली' हा एकच आकडा लेखी मागा.

संच मागवण्याआधी तीन मापं घेऊन ठेवा. दांड्याची रुंदी आणि उंची, नाळेच्या खालून कपलरच्या टोकापर्यंतचं अंतर, आणि जॅक त्या अंतरात नेमका कुठे बसलाय ते. जॅक पुढे असेल तर आधी तो मागे घ्यायचा, बिजागरी त्यानंतर.